मागची सीट खाली करण्याबाबत

समता कॉलोनी, रायपूर

तीर्थरूप बाबारावजी भाऊजींच्या चरणी समता कॉलोनीतल्या वासुदेवाचे साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सारे सुखरूप आहोत. उन्हाची तक्रार करणार होतो, पण नागपूरच्या माणसाकडे उन्हाची तक्रार करण्यात काही अर्थ नाही. तुमची शुगर, तुमचा डावा गुडघा आणि तुमची गाडी या तिघांची प्रकृती चांगली असावी अशी आशा आहे. रमाताईनं सांगितलं की गुडघा आता जिना चढू देतो आणि गाडीला तुम्ही अजूनही दर रविवारी शॅम्पूनं न्हाऊ घालता. ऐकून फार बरं वाटलं. (गुडघ्याचंही.) हे सारं फोनवर विचारता आलं असतं, पण ताईच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही तुमचा फोन आला की मी खुर्चीतून उठून उभा राहतो, आणि उभ्या उभ्या माणूस 'हो' आणि 'बरं' यापलीकडे काही बोलू शकत नाही. पत्र बसून लिहिता येतं. शिवाय तुम्ही आमच्या घरचे जावई. जावयाला एखादी गोष्ट सांगायची तर मानपान राखून, अगदी सुरुवातीपासून सांगावी, असं आई म्हणायची.

एकच विनंती. मागच्या दिवाळीचं माझं पत्र तुम्ही लाल पेनानं तपासून परत पाठवलं होतं. तुम्ही जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तुमचा हात राहत नाही, हे मी समजू शकतो. दहापैकी चार गुणही मला कबूल आहेत. पण हे पत्र मोठं आहे आणि मी ते मनापासून लिहून राहिलो आहे (पाहा, पहिली चूक झाली), तेव्हा आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग पेन उघडा. 'रायपूरची मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं' असं तुम्ही आमच्याकडे जेवताना म्हणाला होता, तेव्हा मी रागानं तिसरी पुरणपोळी घेतली नव्हती. तो राग मी आज मागे घेतो. तुमचंच खरं ठरलं. कसं ठरलं, तेच सांगायला बसलो आहे.

तर आपली ओवी. साखरपुड्यात व्याही, विहीण, भटजी, झाडून सगळे समोर असताना तिनं जाहीर केलं की सासरी जाईन तर चिमणीतूनच जाईन. चिमणी म्हणजे आमची गाडी. ओवी जन्मली त्या वर्षी सेकंडहँड घेतलेली, तुमच्या गाडीची जुळी बहीण, तेच मॉडेल, तेच वर्ष. (एक बहीण दिल्या घरी सुखी राहिली, दुसरी आमच्याकडे कामाला जुंपली गेली.) व्याह्यांनी पाठवणीसाठी भिलाईहून एक लांबलचक पांढरी गाडी ठरवली होती, तिच्या छताला खिडकी आहे म्हणे. ते हसून म्हणाले, वासुदेवराव, जुनी गाडी, वाटेत बसली म्हणजे काय करायचं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ओवीची पाठवणी चिमणीतूनच होईल, नाही झाली तर मिशी काढीन. माझी मिशी तुम्ही पाहिलीच आहे, ती गेली तर चेहऱ्यावर पाहण्यासारखं काही उरत नाही. पण खरं सांगतो भाऊजी, मिशीचं एवढं नाही. पोट्टीनं जन्मात काही मागितलं नाही. शाळेत असताना सायकल मागितली नाही, कॉलेजात मोबाईल मागितला नाही. मागितली ती ही गाडी, अन् तीही एका दिवसापुरती. ती मी देऊ शकलो नाही तर बाप काहून म्हणवून घेऊ?

अडचण एवढीच होती की चिमणी चार वर्षांपासून पोर्चमध्ये उभी होती. आमची गृहलक्ष्मी विनीता तिच्या बोनेटवर बिजोरी वाळवायची (आपल्या सांडग्यांची इकडची बहीण), आणि तिच्या मते चिमणीनं आमच्या घरात केलेलं तेवढंच एक उपयोगी काम. तिचं म्हणणं होतं की चिमणीला कबाड्याला, म्हणजे भंगारवाल्याला, द्यावं आणि सोबत मलाही द्यावं, दोघांचा मिळून बरा भाव येईल. पण ओवीच्या हट्टापुढे तिचं चाललं नाही. लग्नाच्या खर्चात 'किरकोळ' म्हणून एक रकाना असतो, ज्यात सुतळी, टाचण्या आणि पूजेच्या सुपाऱ्या बसतात, त्या रकान्यात तिनं चिमणीला बसवलं आणि बजावलं की पाय बाहेर काढायचा नाही. मी बोनेट उघडलं तर आत उंदरांचं नांदतं गोकुळ. वायरी कुरतडून त्यांनी बाळंतिणीची खोली केली होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की आत बसून मला पोर्चच्या फरशीवरच्या मुंग्या दिसायच्या. तरी मी म्हटलं, हरकत नाही, पाया कच्चा असला तरी घरं उभी राहतातच.

मेकॅनिक म्हणून हरिदासला धरलं. त्याचं गॅरेज पंडरीच्या कापडबाजारामागच्या पाऱ्यात आहे. (पारा म्हणजे मोहल्ला, थर्मामीटरमधला नव्हे.) हरिदास अस्सल छत्तीसगढी, बोलायला गोड, अंगानं भरलेला, आणि कोणत्याही कामाला नाही म्हणायचं नाही असं त्याचं व्रत आहे. काहीही सांगा, तो 'हव' म्हणतो. हव म्हणजे हो. आपल्या कानाला वाटतं की याला अजून काहीतरी हवं आहे, आणि बहुतेक वेळा तेही खरं निघतं. त्याचा दुसरा लाडका शब्द 'अमर'. चिमणीचा कोणताही भाग हातात घेतला की 'ये तो अमर है भैया' म्हणायचा, आणि तो भाग त्याच आठवड्यात दगावायचा. कार्बोरेटर अमर होता, गेला. पेट्रोलचा पंप अमर होता, तोही गेला. शेवटी मी हात जोडून सांगितलं की बाबा रे, इंजिनाबद्दल काही बोलू नकोस. तो इंजिनाबद्दल बोलला नाही, आणि भाऊजी, इंजिन सुरू झालं.

त्या पहिल्या दिवसाचं वर्णन करावं तेवढं थोडं. मी गाडी कॉलोनीत आणली तेव्हा मागून इतका पांढरा धूर निघत होता की आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. लोकांना वाटलं, डास मारायची धुराची गाडी आली. कोपऱ्यावरच्या विनोदिनी काकू पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भैया, आमच्या नालीकडे पण एक चक्कर मारा. मी मारली. नाही कसं म्हणणार, शेजार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डास खरंच कमी झाल्याचं सांगितलं आणि वाटीभर लोणचं पाठवलं. चिमणीची ही पहिली कमाई.

पायाखालचा पत्रा जुन्या कूलरचा कापून लावला, एकदम मजबूत. रंगाचं काम हरिदासच्या एका ओळखीच्या पेंटरकडे दिलं, जो एरवी लोखंडी आलमाऱ्या रंगवतो. त्याच्याकडे मेंदी रंग उरला होता, म्हणून तो किरकोळच्या रकान्यात बसला. रंग उत्तम दिला त्यानं. फक्त हाताच्या सवयीनं दोन्ही दारांवर सोनेरी वेलबुट्टी काढून टाकली, लग्नात मुलीला देतात त्या आलमारीवर असते तशी. मी डोक्याला हात लावला. पण विनीता बाहेर आली, चिमणीभोवती एक फेरी मारली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाली की बरी दिसून राहिली. त्या दिवसापासून बोनेटवरची बिजोरी गच्चीवर गेली. माझ्या संसारात असे दिवस फार आलेले नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग जावईबापू आले. शिशिर पोरगा फार गोड आहे हो, पण उंची सहा फूट तीन इंच. त्याला मागच्या सीटवर बसवून पाहिलं तर डोकं छताला टेकलं. अजून वर फेटा बांधायचा होता. ओवीनं फेट्याची उंची म्हणून हवेत एक वीत दाखवली, विनीतानं दीड दाखवली. म्हणजे एक तर छत वर करायचं, नाही तर सीट खाली करायची. छत वर करणं किरकोळमध्ये बसत नव्हतं. मी कचेरीत जाता जाता गॅरेजपाशी स्कूटर थांबवली आणि हरिदासला सांगितलं, शुद्ध हिंदीत सांगितलं असं मला त्या वेळी वाटलं: 'दूल्हा बहुत लंबा है, पिछली सीट खाली कर दो.' त्यानं विचारलं, 'पूरी?' मी म्हटलं, जितनी हो सके उतनी. तो म्हणाला, 'हव.'

आता तुम्ही हसत असाल. हसा. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर या गावात आले, तेव्हापासून आम्ही इथे हिंदीत भाजी घेतो, हिंदीत भांडतो, ओवी तर मी मराठीत विचारलं की हिंदीतच उत्तर देते. मला काय ठाऊक नाही की हिंदीत 'नीचे' म्हणतात आणि 'खाली' म्हणजे रिकामं? चांगलं ठाऊक आहे. पण आदल्या रात्रीपासून घरात सीट खाली, सीट खाली, एवढंच चाललं होतं, तेच जिभेवर बसलं होतं आणि तेच बाहेर पडलं. हरिदासचीही यात काही चूक नाही. त्याला वाटलं, नवरदेव लांब आहे, पाय पसरून बसायचं असेल.

आणि हे एवढ्यावर भागलं असतं, भाऊजी. सीट काढली होती, ती परत लावता आली असती. दुपारी मी साहेबांच्या मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन आला की भैया, सीट निकल गई, कहाँ रखूँ? मला वाटलं, पायांचे नट काढले असतील, उंची कमी करायला. साहेब माझ्याकडेच पाहून राहिले होते, म्हणून मी तोंडावर फाईल धरून कुजबुजलो, 'बाजू में रख दो.' आपण म्हणतो ना, बाजूला ठेव, तसं. पण इथे 'बाजू में' म्हणजे शेजारच्याकडे. आणि हरिदासच्या शेजारी कोणाचं दुकान आहे? कबाड्याचं. माणूस भलता तत्पर. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा सीटचा फोम गादीवाल्याकडे रवाना झाला होता, स्प्रिंगा वेगळ्या, सांगाडा वेगळा, आणि वरचं रेक्झिन तो स्वतःच्या स्कूटरला घालून बसला होता. एका दिवसात दोन शब्द, एक 'खाली' आणि एक 'बाजू', आणि चिमणी मागून ओसाड. तुम्ही म्हणता तेच लुगडं आमच्या पायात आलं.

पण मी रडत बसणारा माणूस नाही. पहिल्यांदा टेंटवाल्याकडून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून, त्यांचे पाय अर्धे कापून आत ठेवल्या. चौकापर्यंत उत्तम चाललं. चौकात ब्रेक मारला आणि ओवी खुर्चीसकट माझ्या भेटीला पुढे आली. मग हरिदासनं ऑटोरिक्षाची एक सीट बसवली. ती बसली झोकात, पण इतकी उंच की शिशिर त्यात फक्त मान खांद्यावर ठेवून बसू शकत होता, आणि नवरदेव पाठवणीलाच असा मान टाकून निघालेला बरा दिसत नाही. मग आम्ही सरळ जमिनीवर गादी घातली, पंडरीतून लाल मखमलीचा एक उरलेला तुकडा आणून तिला खोळ शिवली, दोन लोड ठेवले. काय ऐसपैस बैठक झाली म्हणून सांगू. दोघं आत मांडी घालून बसले, शिशिरच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी, मी समाधानानं कॉलोनीला एक फेरी मारली. परत आलो तर विनीता फाटकात उभी. म्हणाली, पोट्टे कुठे सोडले? दोघं आतच होते, पण खिडकीच्या इतके खाली की बाहेरून गाडी खाली दिसत होती. (या वाक्यात दोन्ही अर्थ बरोबर बसले आहेत, याचे गुण वेगळे द्यावेत.) विनीताचं म्हणणं, आणि ते पटण्यासारखं होतं, की पाठवणीला दीडशे माणूस फाटकात उभं राहणार, ते डोळे पुसून हात कुणाला हलवणार, तुमच्या टकलाला?

सगळे हसत होते. शिशिर तर गादीवर आडवा होऊन हसत होता, आणि हसता हसता म्हणाला, काका, मी फेटा मांडीवर घेऊन बसलो असतो ना, डोकं वाकवून चाललं असतं मला. म्हणजे सीट खाली करायची मुळात गरजच नव्हती, नीचे अर्थानंही नाही. मी त्याला म्हटलं, बापू, हे आधी काहून नाही सांगितलं? तो म्हणाला, तुम्ही इतक्या उत्साहात होता, मला वाटलं मध्ये बोलू नये. पाहा, जावई असा पाहिजे. (हे मी सगळ्याच जावयांबद्दल म्हणतो आहे.)

असो. एकंदरीत चिमणी आता फार देखणी झाली आहे. इंजिन पहिल्या चावीला नाही तरी तिसऱ्या-चौथ्या चावीला घेतं, धूर निम्म्यावर आला आहे, दारांवर वेलबुट्टी आहे, कूलरवाल्या पत्र्यामुळे पायाला गारवा वाटतो. व्याह्यांनी ती पांढरी गाडी अजून रद्द केलेली नाही, पण करतील. एखादं किरकोळ काम बाकी आहे, ते होऊन जाईल. घरात चकल्या, लाडू आणि पाहुण्यांच्या गाद्या यांतून वाट काढत चालावं लागतं, आणि मला भलतं आनंदी वाटून राहिलं आहे, का ते विचारू नका. लग्नाला दोन दिवस आधी या, ताईला घेऊन या. तुम्ही जावई असलात तरी घरचेच आहात, तेव्हा मांडवात तुमच्याशिवाय आमचं पान हलायचं नाही. गुडघ्याला जपा. लोभ आहेच, तो या पत्राच्या पुढच्या पानानंतरही राहू द्यावा.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
वासुदेव

ता.क. पत्रिका सोबत जोडली आहे. तिच्या शेवटच्या ओळीत 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं आहे, ते बाकीच्यांसाठी आहे. तुम्ही आहेर आणावा. तुमच्या गाडीची मागची सीट आणावी. मी रायपूर, दुर्ग, भिलाई, सगळीकडचे कबाडी पालथे घातले. त्या मॉडेलची सीट कुठे उरलेली नाही, आणि नवी करून घेणं किरकोळच्या रकान्यात बसत नाही. तुमच्या गाडीत मागे कोण बसतं? ताई पुढे बसते, आणि पाहुण्यांना तुम्ही ऑटोनं यायला सांगता. सीटवरचं प्लास्टिक काढणार नाही. ओवी आणि शिशिर त्यावर काही खाणार नाहीत. पाठवणी झाली की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः आणून, स्वतः बसवून, वर शॅम्पू करून देईन.

ता.क. २. पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. मी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीवर बसून आहे आणि ही ओळ तिथेच लिहितो आहे. ताईनं सकाळीच खाली येऊन पत्र माझ्याकडून घ्यायची तयारी दाखवली होती, पण जेवण झाल्यावरच तुमच्या हातात देईन म्हणाली, रिकाम्या पोटी द्यायला नको. हरिदासला सोबत आणलेलं नाही. त्यानं तुमच्या गाडीकडे पाहून ती अमर आहे असं म्हणू नये, एवढी काळजी मी घेतली. तुमचं 'हो' असेल तर ताई बाल्कनीत येऊन हात हलवेल. नसेल तर मी दुपारच्या गाडीनं परत जातो, राग मानणार नाही, आणि मिशीचं काय ते रायपूरला पाहीन.

ता.क. ३. हे लिहिणार नव्हतो. काल रात्री निघताना ओवीला विचारलं, बाई, एवढी चांगली पांढरी गाडी दारात येऊन राहिली, तुला हा खटाराच काहून पाहिजे? ती नेहमीसारखी हिंदीतच बोलली. म्हणाली, 'उस गाड़ी में उनका ड्राइवर रहेगा बाबा, आप गेट पे रह जाओगे. चिमणी तो आपके सिवा किसी से चलती ही नहीं. ससुराल तक छोड़ने आप ही को आना पड़ेगा.' मी बोनेट पुसत राहिलो, ते स्वच्छच होतं.

म्हणून सीट पाहिजे, भाऊजी. नट खोलायचे पाने मी सोबत आणले आहेत.